फसलेले, गाजलेले आणि डोक्यावर घेतलेले सिनेमे : नीट पाहायचे कसे?

कल्ट सिनेमांचा, म्हणजे चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेल्या सिनेमांचा, विषय निघाला की नावांची यादी होते, 'हा पाहिलाच पाहिजे' असं चारपाच जण म्हणतात आणि गाडी तिथेच अडते. इथे यादी नकोय. कुठली आवृत्ती शोधायची, टीव्हीत काय बंद करायचं, दिसणारी चूक दिग्दर्शकाची की प्रिंटची (म्हणजे हाती आलेल्या प्रतीची), हे ज्यांना हाताळून माहीत आहे त्यांनी या धाग्यावर लिहा. 'आमच्या लहानपणी'च्या आठवणी दुसरीकडे.

सुरुवात टीव्हीपासून. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. टीव्ही ६० किंवा १२० वर चालतो आणि मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवून भरतो. त्यामुळे सगळं दैनंदिन मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. कमी पैशांतल्या भयपटाचा तर यात जीवच जातो, कारण हालचालीतल्या धूसरपणात लपलेली रबरी पोशाखाची शिवण उघडी पडते. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी शोधा आणि बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की काम झालं.

रीळवेडा
चौकटीबद्दल लिहितो, कारण 'किती गचाळ सिनेमा, माईक दिसतोय' या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. ३५ मिमी फिल्मवर चित्र बरेचदा १.३७:१ (रुंदी:उंची) एवढं उंच घेतलेलं असतं. थिएटरात प्रोजेक्टरच्या झडपेने वरखाली झाकून १.८५:१ दाखवतात. जुन्या टीव्हीसाठी कॅसेट काढताना ते झाकण काढून टाकलं, आणि वर लटकणारा माईक, खाली ट्रॉलीचे रूळ असं सगळं आत आलं. 'पी-वीज बिग अ‍ॅडव्हेंचर' (१९८५) मधला विनोद असा की सायकलच्या छोट्या डब्यातून न संपणारी साखळी निघते. उघड्या चौकटीत ती डब्याच्या तळातून वर ओढली जाताना दिसते. विनोद मेला.

उलटा प्रकार सिनेमास्कोपचा, म्हणजे खूप रुंद चित्राचा. २.३५:१ चित्र १.३३:१ मध्ये बसवताना सुमारे ४३ टक्के रुंदी कापली जाते. दोघांच्या संभाषणात एकाचं फक्त नाक दिसत असेल तर कॅमेरामनला शिव्या घालू नका. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवर 'ए' दाबून प्रमाण बदला, 'सी' दाबून वरखालचं छाटा. कापलेलं मात्र परत येत नाही, त्याला दुसरी प्रत शोधणं हाच उपाय. आणि ४:३ चा सिनेमा ताणून पडदाभर करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

अमावस्या
भयपटांत रात्र का दिसत नाही, याची दोन वेगवेगळी कारणं आहेत.

एक मूकपटांचं. 'नोस्फेराटू' (१९२२) ची मूळ प्रिंट रंगछटा दिलेली होती : रात्रीचे प्रसंग निळे, दिवसाचे पिवळसर, पहाट गुलाबी. फिरणाऱ्या स्वस्त प्रती नुसत्या काळ्यापांढऱ्या. त्यांत पिशाच भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून हिंडतं आणि लोक हसतात. छटा असलेली पुनर्स्थापित आवृत्तीच घ्या. वेगही बघा. तो साधारण सेकंदाला १८ चौकटींनी चालायला हवा, २४ ने चालवला की सगळे तुरूतुरू पळतात.

दुसरं 'डे फॉर नाइट'चं. दिवसा शूटिंग करायचं, प्रकाश दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) कमी ठेवायचा, निळा फिल्टर लावायचा आणि प्रिंट काढताना आणखी गडद करायचं. डिजिटल प्रत करणाऱ्याने 'अंधारच आहे की' म्हणून उजेड वाढवला की रात्रीची दुपार होते. कळायचं कसं? सावल्या बघा. जमिनीवर ठाशीव, आखूड सावली असेल आणि पात्र हातात कंदील धरून असेल, तर ती दुपार. टीव्हीचा ब्राइटनेस त्या प्रसंगापुरता उतरवून पाहा, बरेचदा सिनेमा सावरतो.

खटका
पटलं. पण सगळं प्रिंटच्या माथी मारू नका, काही सिनेमे खरोखरच फसलेले असतात आणि ते का फसले हे कळलं की दुप्पट मजा येते. 'मॅनोस : द हॅन्ड्स ऑफ फेट' (१९६६) घ्या. टेक्सासमधल्या एल पासोत हौशी मंडळींनी केलेला. कॅमेरा १६ मिमीचा, चावीचा. एका चावीत जेमतेम ३२ सेकंद चालायचा, म्हणजे कुठलाही शॉट त्याहून लांब असणं शक्यच नाही. घड्याळ लावून पाहा. जागेवर आवाज घेतलाच नाही, सगळ्या पात्रांचे आवाज नंतर मूठभर माणसांनी भरले, म्हणून वेगवेगळी माणसं एकाच गळ्यातून बोलतात. रात्रीच्या प्रसंगात दिव्यांपुढे पतंगांचा थवा आहे. आणि पोलीस गाडीतून उतरून चार पावलं टाकून परत फिरतात, कारण शूटिंगच्या दिव्यांचा उजेड तेवढ्याच पावलांपुरता होता!

२०११ मध्ये याची मूळ १६ मिमी वर्कप्रिंट (संकलनासाठी वापरलेली प्रत) सापडली आणि त्यावरून नीट प्रत झाली. ती पाहिल्यावर कळतं की चिखलासारखा रंग हा दिग्दर्शकाचा गुन्हा नव्हता. बाकीचे गुन्हे त्याचेच.

डबिंगताई
ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी निदान करा. चूक *सगळ्या* शॉटमध्ये सारखीच असेल तर दोष तुमच्या यंत्रणेचा आहे, बहुधा ब्लूटूथ स्पीकरचा. आवाज शंभर ते तीनशे मिलिसेकंद मागे पडतो. सिनेमातच टाळी, थप्पड किंवा दार आपटल्याचा प्रसंग शोधा, व्हीएलसीमध्ये 'जे' दाबत जा, दर दाबाला आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. 'के' त्याच्या उलट.

चूक शॉटगणिक बदलत असेल तर ते डबिंग. त्याला औषध नाही. आपल्याकडे 'लगान' (२००१) ने जागेवरचा आवाज परत रुळवेपर्यंत जवळपास सगळंच स्टुडिओत भरलेलं असायचं. कान देऊन ऐका : मोकळ्या मैदानातला संवाद बंद खोलीत घुमल्यासारखा येतो, आणि नायक रेतीत चालतो तेव्हा बूट फरशीवर वाजतात.

तिसरी घंटा
आवृत्तीचं सांगते. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) च्या इतक्या भिकार प्रती का आहेत? प्रदर्शनाआधी नाव बदललं, नवी नामावली जोडताना कॉपीराइटची ओळ गळाली, आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याने सिनेमा थेट सार्वजनिक झाला. मग ज्याने त्याने हाताला लागेल त्या प्रिंटवरून कॅसेटी काढल्या. मूळ निगेटिव्हवरून केलेली ४के प्रत २०१६ ची. दोन्ही शेजारी लावून पाहा : कमी खर्चाचा सिनेमा आणि निष्काळजी सिनेमा यातला फरक तिथे दिसतो.

'शोले' (१९७५) मध्येही आवृत्तीने फरक पडतो. चित्रण ३५ मिमीवर, नंतर ७० मिमीवर वाढवलेलं, त्याची चौकट २.२:१. आणीबाणीत सेन्सॉरमुळे शेवट बदलला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलेल्या पुनर्स्थापित प्रतीत तो शेवट आहे. जुनी डिस्क लावून 'शेवट ढिला पडतो' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

रीळवेडा
एक राहिलं. पाल (भारत, युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) पद्धतीच्या डिस्कवर २४ चौकटींचा सिनेमा २५ ने पळतो. १५० मिनिटांचा १४४ मिनिटांत संपतो आणि गाण्यांची पट्टी जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढते. व्हीएलसीत वेग ०.९६ ठेवा, पण आधी सेटिंगमध्ये 'टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ' बंद करा, नाहीतर वेग उतरेल, पट्टी चढलेलीच राहील. व्हीसीडीत तर एका तबकडीवर ७४ मिनिटंच मावत, तेव्हा लांबी आधी ताडून बघा. कात्री बहुतेक गाण्यांवर चालते.

शेवटची रांग
निवडीबद्दल थोडं. मुद्दाम वाईट केलेले सिनेमे ('शार्कनेडो', २०१३ आणि त्याची पिलावळ) पंधरा मिनिटांत कंटाळा आणतात, कारण तिथे कोणी जीव तोडून काही करतच नाही. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' मध्ये मुख्य नट बेला लुगोसी १९५६ मध्येच वारला, तर दिग्दर्शकाने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला (मणक्यांवर उपचार करणाऱ्याला) झगा तोंडावर धरून उभा केला. तो माणूस लुगोसीहून उंच. याला म्हणतात जिद्द.

आणि कल्ट म्हणजे वाईट हे समीकरण डोक्यातून काढा. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) कुठूनही फसलेला नाही, तरी कल्ट आहे, कारण लोक संवाद ऐकायला नव्हे तर पात्राच्या आधी म्हणायला बसतात. असा सिनेमा दहा जणांत लावा, सबटायटल बंद ठेवा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वर. फसलेला सिनेमा मात्र चार-पाच जणांतच, नाहीतर शेरेबाजीत पडद्यावरचं ऐकूच येत नाही. नव्वद मिनिटांच्या आतला निवडा. अभिजात सिनेमाशी जोडी लावणार असाल तर अभिजात आधी. उलट केलंत तर खिदळण्याची लय उतरत नाही आणि चांगल्या सिनेमातल्या शांत जागाही हशात जातात.

खटका
जोडीचं पटत नाही. अभिजात आधी लावला की दुसऱ्याला निम्मे लोक झोपतात. वेगळ्या दिवशी लावा.