मदत हवी आहे : बो आणि लुईस, नक्की कोणी कोणाला टाळलं?

मंडळी, रिडिक बो विरुद्ध लेनॉक्स लुईस ही लढत व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये कधीच का झाली नाही, याचा छडा लावायचाय.

१९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये या दोघांच्याच फायनलमध्ये रेफरींनी दुसऱ्याच फेरीत लढत थांबवली, सुवर्ण लुईसला मिळालं. नोव्हेंबर १९९२ मध्ये तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता इव्हँडर होलिफील्डला हरवून बो जगज्जेता झाला. पुढचा हक्काचा आव्हानवीर लुईसच! पण डिसेंबरात बोने लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला तरी हे निव्वळ टाळणंच वाटतं.

धाकटा भाऊ मात्र म्हणतो, पैशांच्या वाटणीवरून बोलणी फिसकटली. त्या वाटाघाटींत कोणी किती मागितलं, हे सविस्तर सांगणारी मुलाखत किंवा जुना लेख कोणाच्या पाहण्यात असेल तर कृपया सांगा.