मदत हवी आहे: एक्सपाथमध्ये (एक्सएमएल फाइलमधून हवी ती माहिती शोधायची भाषा) कंसांचा क्रम बदलला की उत्तर का बदलतं?

राम राम मंडळी. वडिलांच्या केळीच्या पावत्या एक्सएमएल फाइलमध्ये (जिथे माहिती नावाच्या खुणांमध्ये ठेवतात) भरल्यात. शेतं रावेर, सावदा, फैजपूर अशी तीन ठिकाणी. प्रत्येक <गाव> खाली त्याच्या <पावती>, आणि पावतीवर बाग (म्हणजे केळीचा प्रकार) लिहिलेली: नवती, पिलबाग, वापसी. प्रत्येक गावच्या नवतीच्या दुसऱ्या कापणीचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत, तेवढ्याच पावत्या काढायच्या होत्या. म्हणून हे लिहिलं:

//पावती[2][@बाग='नवती']

रावेरची आलीच नाही. सावद्याची बरोबर आली. फैजपूरची आली ती पहिल्या कापणीची, तिचे पैसे कधीच मिळालेत! ती यादी घेऊन वडील व्यापाऱ्याकडे गेले आणि माझ्या चुकीपायी त्यांना चार शब्द ऐकावे लागले. फार लागलं मनाला.

फैजपूरचा क्रम असा: पिलबाग, नवती, वापसी, नवती. दोन्ही अटी एकाच कंसात 'अँड'ने जोडल्या, तर सगळ्याच नवती आल्या. असं का?

प्रतिसाद १
भाऊ, प्रेडिकेट (चौकोनी कंसातल्या अटी) डावीकडून उजवीकडे लागतात. एका कंसातून जे उरतं, त्याला पुढच्या कंसासाठी एकपासून नवे नंबर पडतात. तुम्ही आधी दुसरी पावती उचलली, मग ती नवती आहे का विचारलं. फैजपूरची दुसरी नवतीच निघाली, म्हणून ती आली. रावेरची दुसरी पिलबाग असणार. आधी नवती वेगळ्या करा, मग मोजा:

//पावती[@बाग='नवती'][2]

'अँड'चं म्हणाल, तर तिथे 2 हा क्रमांक राहत नाही. शून्य सोडून कुठलाही आकडा 'खरं' धरला जातो, म्हणून ती अट सगळ्यांनाच लागू झाली. दोन्ही अटी साध्या असत्या, क्रमांकाच्या नसत्या, तर 'अँड' काय नि दोन कंस काय, उत्तर एकच.

प्रतिसाद २
एक जपा. वरचं मोजणं गावागणिक होतं, म्हणून तीन पावत्या येतील. तुम्हाला तेच हवंय. पण उद्या अख्ख्या फाइलमधली दुसरी नवती हवी असेल, तर गोल कंस लागतील:

(//पावती[@बाग='नवती'])[2]

मूळ प्रश्नकर्ता
दादा, चाललं! रावेरची तिसरी, सावद्याची दुसरी, फैजपूरची चौथी. कागदी पावत्या समोर ठेवून एकेक ताडून पाहिली, तिन्ही थकलेल्याच आहेत. उद्या वडिलांसोबत मीही जातोय.