वृद्धाश्रमात अँटिबायोटिक: ॲपला विचारायचं की डॉक्टरला?

कृष्णाकाठ, सांगली: मी इथल्या एका वृद्धाश्रमात रात्रपाळीला नर्स आहे. आजी असंबद्ध बोलल्या, लघवीला वास आला, की नमुना लॅबला. जंतू दिसले की डॉक्टर फोनवर 'सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक) चालू करा'. अहो, जंतू दिसणारच! आश्रमातल्या म्हाताऱ्या बायकांत 25 ते 50 टक्के जणींच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू असतात. महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर जवळजवळ सगळ्यांच्या. त्रास नसेल तर औषध द्यायचं नसतं. म्हणून औषध लिहिण्याआधी मोबाइलच्या ॲपवर प्रश्न यावेत: ताप? जळजळ? ओटीपोटात दुखतंय? लघवीतून रक्त? कॅनडाच्या डॉ. लोब आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये असे निकष मांडलेत, पण रात्री दोनला कागद कोण शोधतंय?

रहिमतपूरकर: मी डॉक्टर, एका आश्रमात आठवड्यातून दोनदा जातो. ॲप म्हणालं 'थांबा' आणि रात्रीत सेप्सिस झाला (जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतलं), तर पुण्याहून आलेला मुलगा कॉलर माझी धरणार. ऐंशीच्या पुढं ताप चढेलच असं नाही. आणि स्मृतिभ्रंश झालेली बाई 'जळजळतंय' सांगणार कशी?

कृष्णाकाठ: थांबा म्हणजे सोडून द्या नव्हे. पाणी पाजा, ताप-बीपी-श्वास मोजत राहा, बिघडलं की लगेच फोन. गेल्या महिन्यात एक आजोबा रात्रभर बडबडत होते. सिप्रो सुरू झाली, बडबड वाढली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, संडासला कधी झालंय? सहा दिवस नाही! एनिमा दिला, सकाळी स्वतःहून चहा मागितला. सिप्रोनंही म्हाताऱ्यांना भ्रम होतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

मेडिकलवाला, इस्लामपूर: ताई, एच1चं, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीच्या नोंदीचं सरकारी नियमातलं रजिस्टर आम्ही 2014 पासून भरतोय. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक दिली की डॉक्टर, पेशंट, किती गोळ्या, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. वाचतंय कोण? तुमच्या ॲपचंही तेच. 'ताप आहे'वर टिक केल्याशिवाय पुढं जाता येत नाही म्हटल्यावर आठवड्यात सगळ्या आज्यांना ताप!

वाईची सून: सासूबाई आश्रमात आहेत. खरं सांगते, 'नुसतं पाणी पाजा' म्हटलं की आम्हालाच वाटतं, टाळतायत. गोळी मागणारे आम्हीच.

रहिमतपूरकर: मेडिकलवाल्यांशी सहमत, टिकांवर माझा भरवसा नाही. मोजणी मात्र चालेल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट केले; सिप्रो आणि सेफिक्झिम दोन्ही जपून वापरायच्या 'वॉच' गटात. महिन्याला माझ्या किती चिठ्ठ्या त्यातल्या, हे ॲपनं मला दाखवावं. आश्रमाच्या कमिटीला नको.

कृष्णाकाठ: कमिटीला का नको?