प्रोस्टेटचं लेझर ऑपरेशन ‘सुरक्षित’ म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

धार_मोकळी
प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, खूप वाढलेली असताना आजही लोक लेझरला बिचकतात, ते मला पटत नाही. जुन्या मोनोपोलर टीयूआरपीत (मूत्रमार्गातून करायच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनात) दुर्बिणीतून विजेच्या तारेने ग्रंथी खरवडतात. त्या प्रवाहाला सलाईन चालत नाही, म्हणून १.५ टक्के ग्लायसीनचं पाणी सोडतात. कापलेल्या शिरांच्या उघड्या तोंडांतून ते रक्तात शिरतं, सोडियम उतरतं, रुग्ण भ्रमतो, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात. तासाभरात आटपायची घाई असते ती याचसाठी. लेझरला साधं ०.९ टक्के सलाईन चालतं, म्हणजे ही भीतीच उरत नाही.

दुसरा मुद्दा रक्ताचा. होल्मियम लेझरची तरंगलांबी सुमारे २१०० नॅनोमीटर. ती पाण्यात लगेच शोषली जाते, त्यामुळे उष्णता ऊतीत जेमतेम ०.४ मिलिमीटर शिरते आणि शीर कापता कापताच मिटते. १०० ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथीसाठी पूर्वी पोट उघडावं लागे. आता होलेपमध्ये, म्हणजे होल्मियम लेझरने ग्रंथी सोलायच्या ऑपरेशनात, वाढलेला भाग आवरणापासून सोलून दुर्बिणीतूनच बाहेर काढतात, आणि कॅथेटर (लघवीची नळी) बहुधा एक-दोन दिवसांत निघतो.

टाका_घातला
तुमची तुलनाच जुन्या यंत्राशी आहे. बायपोलर टीयूआरपीही (विजेची दोन्ही टोकं दुर्बिणीच्या टोकाशीच असतात ती) सलाईनमध्येच होते, तेव्हा ग्लायसीनचा मुद्दा बाद.

शिवाय लेझर म्हणजे एक ऑपरेशन नव्हे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो आणि ऊतीची वाफ करतो. होल्मियम आणि थुलियमने मुख्यतः सोलतात. १९९० च्या दशकात १०६४ नॅनोमीटरचा निओडिमियम-याग वापरत. तो ऊती खोलवर शिजवायचा, मेलेले तुकडे कित्येक आठवडे सुटत राहायचे, लघवी अडायची, जळजळ थांबायची नाही. तोही लेझरच होता! १८० वॅटच्या हिरव्या लेझरची टीयूआरपीशी तुलना युरोपातल्या गोलायथ चाचणीत झाली. दोन वर्षांनी लेझर कमी ठरला नाही, पण लक्षणांच्या आरामात वरचढही ठरला नाही.

आता होलेपमधली जी पायरी कुणी रुग्णाला समजावत नाही ती सांगतो. सोललेले गोळे मूत्राशयात पडलेले असतात. ते बाहेर काढायला मॉर्सेलेटर आत घालतात. नळीच्या टोकाशी पाती, मागे सक्शन. सक्शन गोळा ओढतं, पाती त्याचा चुरा करतात. मूत्राशय टम्म फुगलेला असेल तोवर भिंत लांब राहते. सलाईनची पिशवी संपली किंवा सक्शन आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जोरात चाललं, की मूत्राशय बसतो आणि गोळ्याऐवजी भिंतच पात्यांत येते. रक्ताने पाणी लाल झालेलं असेल तर ते दिसतही नाही. भोक आरपार पडलं तर पोट उघडून शिवावं लागू शकतं. टीयूआरपीत मॉर्सेलेटरचा हा धोकाच नसतो.

धार_मोकळी
धोका आहे, मान्य. पण तो टाळण्याची रीत ठरलेली आहे. आधी रक्त पूर्ण थांबवायचं. दोन वाटांनी सलाईन चालू ठेवायचं आणि पिशव्यांवर एक माणूस फक्त नजर ठेवायला. पायाचं पेडल अर्धं दाबून नुसतं सक्शन द्यायचं, गोळा चिकटलाय हे डोळ्यांनी पाहायचं आणि मगच पाती फिरवायची. पाणी स्वच्छ होतच नसेल तर चुरा करण्याचं काम दुसऱ्या दिवसावर ढकलता येतं. त्यात कमीपणा काही नाही.

टाका_घातला
रीत आहे, पण ती हातात बसायला वेळ लागतो. होलेप शिकायला २५ ते ५० ऑपरेशनं लागतात असं धरतात. त्या काळातल्या रुग्णांना आकडे कोण दाखवतो?

लघवी गळण्याचंही तसंच. ग्रंथीच्या खालच्या टोकाला, जिथे लघवी रोखणारा स्नायू लागूनच असतो, तिथे दुर्बीण तरफेसारखी रेटली किंवा वरच्या बाजूची (घड्याळातल्या १२ च्या जागेची) अस्तराची पातळ पट्टी ओढून फाडली, की खोकताना, उठताना लघवी सुटते. म्हणून ती पट्टी सुरुवातीलाच लेझरने कापून मोकळी करतात. बहुतेकांचं गळणं ३ ते ६ महिन्यांत थांबतं, पण हे आधी सांगायला हवं. ऑपरेशननंतर वीर्य उलटं मूत्राशयात जातं, हेही. चारातल्या साधारण तिघांत तसं होतं. लिंगाची ताठरता मात्र सहसा होती तशीच राहते.

भूलतज्ज्ञ
सलाईनमुळे भीतीच उरत नाही, हे वाक्य धोक्याचं आहे. सलाईनही आत शिरतं. सोडियम बिघडत नाही, म्हणून नेहमीची तपासणी नॉर्मल येते आणि इशारा मिळत नाही. भार येतो तो हृदयावर आणि फुप्फुसांवर. मोठी ग्रंथी, दोन तासांचं काम, त्यात आवरणाला भोक पडलं तर पाणी वेगाने आत जातं. पिशवी टेबलापासून सुमारे ६० सेंटिमीटरच्या वर टांगू नये. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी दर पिशवीला मोजावं. सलाईन शरीराच्या तापमानाइतकं गरम असावं, नाहीतर म्हातारं शरीर गारठतं. पाठीच्या इंजेक्शनची भूल असेल तर माणूस जागा असतो आणि धाप लागल्याचं स्वतःच सांगतो. हृदय कमजोर असलेल्यांत मला ते मोलाचं वाटतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत लेझरला पसंती देतात, हे बरोबर. त्यावरून गोळ्या चालू ठेवा असा सरसकट अर्थ काढू नका. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवता येतं. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा नुकताच बसवलेला स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तारीखच घेऊ नये.

सूक्ष्मदर्शक
वाफ करणाऱ्या लेझरबद्दल एकच सांगतो, तपासायला तुकडाच उरत नाही. लपलेला कॅन्सर असेल तर तो कळायची वाट बंद. म्हणून पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आधीच पाहा, शंका असेल तर एमआरआय आणि बायोप्सी आधी करा. फिनास्टेराइड (प्रोस्टेट आकसवणारी गोळी) सहा महिने घेतलं असेल तर पीएसए जवळपास निम्मा दिसतो, तो दुप्पट करून वाचा. सोलून काढल्यावर पीएसए बहुतेकदा १ च्या खाली उतरतो, आणि तिथून तो सतत वर चढू लागला तर दुर्लक्ष नको.

धार_मोकळी
बरं, ४० ग्रॅमच्या ग्रंथीला सरावाच्या हातातली बायपोलर टीयूआरपी तितकीच चांगली, हे मान्य करतो. छोट्या ग्रंथीत नंतर मूत्राशयाचं तोंड आक्रसण्याचा त्रासही जास्त होतो. पण १०० ग्रॅमच्या पुढे पोट उघडण्यापेक्षा होलेपच, यावरून मी हलणार नाही.

टाका_घातला
१०० च्या पुढे मीही भांडत नाही, हात सरावाचा असेल तर. मात्र लघवीचं कल्चर आधी करून जंतू असतील तर औषध द्या, लेझर आहे म्हणून ते टाळू नका. आणि घरी गेल्यावरचं सांगून ठेवा. साधारण १० ते १४ व्या दिवशी खपली सुटून लघवी परत लाल होते, शौचाला जोर केला की जास्त. फिकट गुलाबी असेल तर पाणी पिऊन थांबता येतं. गाठी पडून धार अडली तर घरी पाणी पीत बसू नका, पोट फुगतच जातं. थेट दवाखाना गाठा. तिथे २२ नंबरचा तीन तोंडांचा कॅथेटर घालून गाठी सिरिंजने ओढून काढाव्या लागतात. बारीक कॅथेटरमधून त्या येत नाहीत.