अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या त्वचेपर्यंत पोचतात का?

जठराग्नी (धागाकर्ता)
'गोळ्या पोटातच जिरतात, त्वचेला काही मिळत नाही' हे सरसकट विधान चूक आहे. कॅरोटिनॉइडं (भाज्या-फळांतली पिवळी-लाल रंगद्रव्यं) तर नुसत्या डोळ्यांना दिसतील इतकी पोचतात: महिनोन् महिने गाजराचा रस पिणाऱ्याचे तळहात पिवळे पडतात. (डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो, म्हणून ती कावीळ नव्हे.) तळहातावर निळा प्रकाश टाकून ही पातळी सुई न टोचता मोजता येते. परत विखुरलेल्या प्रकाशावरून पातळी कळते; तत्त्व आपल्या सी. व्ही. रामन यांचंच.

परिणामही दिसला आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला स्टाल आणि सीस यांच्या गटाने रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलासोबत दिली, म्हणजे लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारं कॅरोटिनॉइड) साधारण १६ मिग्रॅ. दहाव्या आठवड्यात अतिनील किरणांमुळे येणारी लाली नुसतं तेल घेणाऱ्यांपेक्षा ४० टक्के कमी होती. चौथ्या आठवड्यात मात्र काहीच फरक नव्हता. लोक पंधरा दिवसांत बाटली बाजूला ठेवतात आणि गोळीला नावं ठेवतात.

खलबत्ता
असहमत. तुमच्या उदाहरणात गोळी आहे कुठे? पेस्ट आहे!

आणि पातळी वाढली म्हणजे फायदा झाला, ही उडी धोक्याची आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत रोज २० मिग्रॅ बीटा-कॅरोटीन (गाजरातलं कॅरोटिनॉइड) घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला (१९९४). अमेरिकेतली तशीच चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. हे फुप्फुसाचं झालं म्हणाल, तर फ्रान्सची सुविमॅक्स ही चाचणी घ्या. गोळीत रोज १२० मिग्रॅ क जीवनसत्त्व, ३० मिग्रॅ ई जीवनसत्त्व, ६ मिग्रॅ बीटा-कॅरोटीन, १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, २० मिग्रॅ जस्त. डोस काही अघोरी नव्हेत. तरी गोळी घेणाऱ्या स्त्रियांत त्वचेचा कर्करोग, मेलानोमासकट (त्याचा घातक प्रकार), जास्त आढळला.

जठराग्नी
पहिल्या दोन्ही चाचण्यांत जवळपास सगळे सिगारेट ओढणारे, पूर्वी ओढलेले किंवा अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले होते. ओढणाऱ्याने बीटा-कॅरोटीनची गोळी घेऊ नये, हे मान्यच. सुविमॅक्समध्ये गोळ्या बंद झाल्यावर पुढच्या वर्षांत तो वाढीव धोका ओसरला, हेही सांगा की.

खलबत्ता
बंद केल्यावर ओसरला, म्हणजे बोट गोळीकडेच जातं ना?

लिंबूटिंबू
दोघेही कॅरोटीनवरच अडकलात. प्रत्येक पदार्थाची वाट वेगळी असते.

क जीवनसत्त्व: आतड्यातले वाहक (ते आत ओढून घेणारी प्रथिनं) लवकर भरतात. अमेरिकेतल्या १९९६ च्या अभ्यासात (फक्त सात निरोगी तरुण) रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोज १०० मिग्रॅलाच तुडुंब भरल्या. एका वेळी २०० मिग्रॅ पूर्ण शोषलं गेलं. ५०० आणि पुढे शोषण घटलं आणि जे शोषलं गेलं ते लघवीवाटे बाहेर. त्वचेचे वाहकही असेच भरतात. म्हणजे ज्याच्या आहारात क कमी आहे त्याला फरक पडेल. रोज एक पेरू खाणाऱ्याला १००० च्या गोळीने मिळणार ते महागडं मूत्र.

ई जीवनसत्त्व: चेहऱ्यावर ते त्वचेच्या तेलातून, म्हणजे सीबममधून येतं. रोज ४०० मिग्रॅ दिल्यावर चेहऱ्याच्या सीबममध्ये वाढ दिसायला तीन आठवडे लागले. हातावर, जिथे तेलग्रंथी कमी, वरच्या थरात वाढ दिसलीच नाही. एकाच माणसाची त्वचा, एकच गोळी, उत्तरं दोन! (तीच कॅप्सूल टाचणीने फोडून तोंडाला फासणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग, काहींना त्याने पुरळ उठतं.) आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता ४०० ला हात लावू नका.

ग्लुटाथायोन: तीन अमिनो आम्लांची साखळी, पोटात बरीचशी तुटते. थायलंडमधल्या ६० विद्यार्थ्यांच्या चार आठवड्यांच्या चाचणीत, रोज ५०० मिग्रॅवर, त्वचेचं रंगद्रव्य (मेलानिन) मोजलं होतं, अँटिऑक्सिडंट नव्हे. सलाइनमधून देणाऱ्या पार्लरांचं तर बोलायलाच नको.

खलबत्ता
+१. म्हणूनच म्हणतो, टोमॅटो खा. फक्त कच्ची कोशिंबीर नको. शिजवल्यावर पेशी फुटून लायकोपीन मोकळं होतं आणि शोषणाला त्याच जेवणात चमचाभर तेल लागतं. तेलात परतलेली टोमॅटोची चटणी उत्तम. बिनफोडणीचं सार पिऊन उपयोग थोडा.

जठराग्नी
हिशेब मांडा. ताज्या टोमॅटोत १०० ग्रॅमला लायकोपीन साधारण ३ मिग्रॅ. १६ मिग्रॅसाठी रोज अर्धा किलो आटवायचे, सलग दहा आठवडे. कोण करतंय? म्हणून कॅप्सूल.

खलबत्ता
डबाबंद पेस्ट मिळते की, मिठाचं प्रमाण वाचून घ्या. आणि कॅप्सूलच घ्यायची असेल तर घरातली प्रत्येक बाटली टेबलावर मांडून बेरीज करा. मल्टिव्हिटॅमिन, केसांच्या गमी, 'स्किन ग्लो' पावडर, तिन्हींत ई आणि सेलेनियम असू शकतं. गर्भवतींनी तर लेबलवर रेटिनॉल (थेट व्हिटॅमिन ए, जास्त झालं तर गर्भाला धोका) आहे की बीटा-कॅरोटीन, ते आधी बघावं. दोन्हींवर 'व्हिटॅमिन ए'च छापलेलं असतं.