मदत हवी आहे : सगळे पॉड एकदम बंद पडल्यावर मोंगोडीबीचा रेप्लिका सेट उभा राहत नाही

नमस्कार. कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर आधारलेल्या एका क्लाउड प्लॅटफॉर्मवर आम्ही मोंगोडीबी या डेटाबेसचा 3 सदस्यांचा रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांचा गट) स्टेटफुलसेट (ठरावीक नावांचे सदस्य क्रमाने सुरू करणारी कुबरनेटिसमधील सोय) म्हणून चालवतो. प्रत्येक सदस्याला स्वतंत्र कायमस्वरूपी व्हॉल्यूम आहे, त्यामुळे डेटा सुरक्षित आहे. एखादा पॉड (कुबरनेटिसमध्ये एक सदस्य चालवणारे एकक) रीस्टार्ट झाला तर काहीच अडचण येत नाही. मात्र देखभालीच्या वेळी तिन्ही पॉड एकदम बंद झाले, की पहिला पॉड सुरू होतो आणि तिथेच सगळे अडकते.

माझ्या मते गाठ अशी आहे : आमचा रेडिनेस प्रोब (पॉड कामाला तयार, म्हणजे 'रेडी', आहे का हे पाहणारी चाचणी) प्रायमरी, म्हणजे लेखन स्वीकारणारा मुख्य सदस्य, निवडला गेला आहे का ते तपासतो, निवडीसाठी 3 पैकी किमान 2 सदस्यांचे बहुमत लागते, आणि स्टेटफुलसेट मूळ सेटिंगनुसार पहिला पॉड 'रेडी' झाल्याशिवाय दुसरा सुरूच करत नाही. शिवाय जो पॉड 'रेडी' नाही, त्याचे नाव हेडलेस सर्व्हिसच्या (प्रत्येक पॉडला स्वतंत्र नाव देणाऱ्या सर्व्हिसच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याच्या यादीत, येत नाही, म्हणजे सदस्य सुरू झाले तरी एकमेकांना सापडणार नाहीत.

प्रोबमध्ये केवळ पिंग (डेटाबेस प्रतिसाद देतो का एवढीच तपासणी) ठेवणे पुरेसे आहे, की सर्व्हिसवर 'पब्लिश नॉट रेडी ॲड्रेसेस' ('रेडी' नसलेल्या पॉडचीही नावे डीएनएसमध्ये देणारी सेटिंग) चालू करणेही आवश्यक आहे? पॉड समांतर सुरू करण्याचे धोरण चालू स्टेटफुलसेटवर बदलता येत नाही. तेव्हा पॉड तसेच ठेवून केवळ स्टेटफुलसेट काढून पुन्हा तयार करण्याचा मार्ग प्रत्यक्ष वापरातील डेटावर कोणी अवलंबला आहे का? असल्यास कृपया कोणत्या क्रमाने केले ते सविस्तर सांगावे.