आईचा पलंग एसएनसीयूच्या आत हवा की बाहेर?

(ही लेखी चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रानजाई

१८०० ग्रॅमच्या आतलं बाळ जन्मलं की आपल्याकडे ते एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, वॉर्मर या ऊब देणाऱ्या यंत्राखाली जातं आणि आई जाते बाळंतिणींच्या वॉर्डात. मध्ये कधी एक भिंत असते, कधी दोन मजले. बाळाचा ऑक्सिजन सुटला, नळीने दिलेलं दूध पचू लागलं, की आईला निरोप जातो, "या आता, बाळाला छातीशी घ्या." याला आपण कांगारू मदर केअर (केएमसी) म्हणतो. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणजे ज्या दिवसांत बाळाला आईची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच दिवस आपण हातचे घालवतो.

माझं म्हणणं असं, की प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत वॉर्मरशेजारी आईचा पलंग हवा, आणि तो पहिल्या दिवसापासून हवा.

आधार सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत चाचणी घेतली. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग. १००० ते १७९९ ग्रॅमची ३२११ बाळं. निम्म्यांना जन्मानंतर साधारण सव्वा तासात छातीशी दिलं, उरलेल्यांना नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे साधारण ५४ तासांनी. २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के विरुद्ध १५.७ टक्के. हिशेब केला तर २७ बाळांमागे एक जीव वाचला. फरक बघून देखरेख समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवायला सांगितली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि २०२२ मध्ये संघटनेने शिफारस बदलली: स्थिर होण्याची वाट बघू नका, दिवसाला ८ ते २४ तास द्या. वगळायचं फक्त अतिगंभीर बाळ, म्हणजे स्वतःहून श्वास न घेणारं, शॉकमधलं किंवा व्हेंटिलेटरवरचं.

तळटीप

मॅडम, चाचणी चांगली आहे, पण एवढ्यावर राज्यभर बांधकाम काढू नका.

युगांडात पाच सरकारी रुग्णालयांत अशीच चाचणी झाली, निष्कर्ष २०२४ चे. ७०० ते २००० ग्रॅमची, अजून स्थिर न झालेली २२०० हून जास्त बाळं. पहिल्या सात दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत ७.५ टक्के. २८ दिवसांना ११.३ आणि १२.८ टक्के, पण हा फरक योगायोगाने पडलेला नाही असं म्हणता येत नाही. त्याआधी गांबियात २७९ बाळांवर झालेल्या चाचणीतही ठाम फरक दिसला नव्हता. आणि तुमच्या पाच देशांच्या चाचणीतसुद्धा पहिल्या ७२ तासांतल्या मृत्यूंचा आकडा, ४.६ विरुद्ध ५.८ टक्के, संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पहिल्या दिवसांसाठी म्हणून पलंग आत न्यायचा, आणि त्याच दिवसांचा पुरावा सगळ्यात कच्चा आहे.

दुसरं असं की तुमच्या चाचणीत एका गटात आई बाळाच्या कक्षाच्या आत, दुसऱ्यात बाहेर. मग फायदा कशाचा? त्वचेचा, दुधाचा, की चोवीस तास बाळाकडे डोळे लावून बसलेल्या एका माणसाचा? तिसरं कारण असेल तर सिस्टर वाढवूनही तेच मिळेल.

रानजाई

युगांडाचे आकडे बरोबर आहेत, ते मी नाकारत नाही. पण दिशा बघा, २८ दिवसांना तिथेही छातीशी असलेलीच बाळं कमी दगावली. आणि डोस बघा. पाच देशांच्या चाचणीत आई आत होती त्या गटात बाळ दिवसाला सरासरी सुमारे १७ तास छातीशी होतं, दुसऱ्या गटात एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) असेपर्यंत जेमतेम दीड तास. आई बाहेरच्या वॉर्डात राहून १७ तास होऊच शकत नाहीत. औषधाची गोळी अर्धीच दिली आणि गुण आला नाही, तर दोष गोळीचा कसा?

फायदा कशाचा हे मला वेगळं काढायचंच नाही. त्वचा, दूध आणि डोळे ही तिन्ही एकाच बाईजवळ आहेत.

ओवा-शोपा

इथे सगळे बाळाबद्दल बोलताहेत. आईसुद्धा पेशंट आहे.

बाळ कमी दिवसांचं का होतं? पुष्कळदा आईचं बीपी वाढलेलं असतं म्हणून. अशा बाईला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू असतं, बाळंतपणानंतर २४ तास. दर थोड्या वेळाने गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतो ना ते तपासायचं, श्वास मिनिटाला १६ च्या खाली जात नाही ना बघायचं, लघवी तासाला ३० मिलीलिटरच्या खाली गेली तर पुढचा डोस थांबवायचा. या औषधाने बाई गुंगीत असते. तिच्या छातीवर १३०० ग्रॅमचं बाळ ठेवायचं? पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे का बघायचं असतं. रक्तस्राव पांघरुणाखाली होतो, वरून कळत नाही. एसएनसीयूच्या सिस्टरला याची सवय नसते, आणि तिथल्या ट्रेमध्ये रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिनही नसतं. सिझेरियन असेल तर पाय सुन्न, लघवीची नळी, सलाईन, टाके.

एका बाळासाठी एका आईला नजरेआड करणं मला मान्य नाही.

रात्रपाळी

मी सिस्टरांच्या बाजूने लिहिते. हे जमतं, पण काय काय लागतं ते कोणी लिहीत नाही.

सी-पॅपवरचं, म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरचं, बाळ वॉर्मरवरून आईकडे न्यायला दोन माणसं लागतात. एकाने बाळ उचलायचं, दुसऱ्याने फक्त नळ्या सांभाळायच्या. आई आधी पाठ ३० ते ४५ अंशांवर टेकवून नीट बसते, मग बाळ. उलटं केलं तर आई सरकताना नाकातले प्रॉंग (हवेच्या छोट्या नळ्या) निघतात. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभं, डोकं एका बाजूला, मान किंचित मागे. हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट दुमडते. मांड्या बेडकासारख्या. बाळाला आईशी बांधायच्या पट्ट्याची, म्हणजे बाइंडरची, वरची कड बाळाच्या कानाखाली. छातीवर घट्ट, पोटावर सैल, कारण ही बाळं पोटाने श्वास घेतात. सी-पॅपची नळी आईच्या गाऊनला खांद्याजवळ चिकटवायची, पण नळीचा झोळ बाळाच्या नाकाच्या खालीच राहायला हवा. वर राहिला की नळीत साचलेलं वाफेचं पाणी सरळ नाकात उतरतं, बाळ निळं पडतं आणि खापर कांगारूवर फुटतं. ऑक्सिमीटरचा पट्टा तळपायाला, पडद्याचं तोंड सिस्टरच्या टेबलाकडे.

नवख्या हातांना एका बाळाला पंधरा-वीस मिनिटं. कागदावर एका पाळीत तीन-चार बाळांमागे एक सिस्टर. रात्री आठ बाळांमागे एक असेल तर कोणतंही बाळ आईकडे जाणार नाही, पलंग आत असो की बाहेर. पलंगाच्या आधी माणसं द्या.

तळटीप

सिस्टर, हेच म्हणतोय मी. शिवाय आत दहा आया, त्यांचे नातेवाईक, चपला, डबे. जंतुसंसर्गाचं काय?

रानजाई

जंतुसंसर्ग उलट कमी झाला. पाच देशांच्या त्याच चाचणीत सेप्सिसची (रक्तातल्या जंतुसंसर्गाची) शंका आलेली बाळं २७.८ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर आली. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात सेप्सिसचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वरच्या क्रमांकाला असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू होते, आणि बरेचसे एकाहून जास्त प्रकारच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारे. हे आईच्या अंगावरून येत नाहीत. ते सिंकमधून, सक्शनच्या बाटलीतून आणि एका बाळावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या आपल्या हातांतून येतात. छातीशी असलेल्या बाळाच्या अंगावर आधी आईचे साधे जंतू वस्ती करतात, शिवाय त्याला आपले हात कमी लागतात. नातेवाइकांची गर्दी मात्र नको, तिथे तुमच्याशी सहमत. एका बाळामागे आई आणि ठरवलेली एकच दुसरी व्यक्ती.

ओवा-शोपा मॅडम, तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे. त्यावर उपाय असे. मॅग्नेशियम चालू असेपर्यंत बाळ आजीच्या, मावशीच्या किंवा बापाच्या छातीशी. चाचणीतही दुसऱ्या व्यक्तीला मुभा होती. आईचा पलंग शेजारीच, तिथेच तिची तपासणी. ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल आणि मॅग्नेशियमवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट असा ट्रे एसएनसीयूत. प्रसूतितज्ज्ञांचा राउंड सकाळ-संध्याकाळ तिथेच. आणि प्रत्येक पाळीत एक तरी सिस्टर अशी, जिला लेबर रूमचा अनुभव आहे.

ओवा-शोपा

बापाच्या छातीशी, हे मान्य. पण शेवटची अट लेखी आदेशात हवी. लेबर रूमची सिस्टर नसेल त्या पाळीत मॅग्नेशियमवरची किंवा पहिल्या सहा तासांतली बाळंतीण आत घ्यायची नाही, बाळ दुसऱ्याच्या छातीशी द्यायचं. हे होणार असेल तर माझा विरोध मागे.

पायवाट

तुम्ही सगळे रुग्णालयातच जन्मलेल्या बाळाबद्दल बोलताय. धडगावला जन्मलेलं १४०० ग्रॅमचं बाळ १०८ ने नंदुरबारला जातं, सिझेरियन झालेली आई मागे ग्रामीण रुग्णालयात. बाळासोबत आजी किंवा बाप. आतला पलंग रिकामाच राहतो. आधी आई आणि बाळ एकाच गाडीने पाठवा, आणि वाटेतच बाळ कुणाच्या तरी उघड्या छातीशी, डोक्यावर टोपी, वरून पांघरूण. गुंडाळलेल्या दुलईत बाळ वाटेत गार पडतं, कारण दुलईला स्वतःची ऊब नसते.

मग जेवण. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईचं जेवण साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस. १२०० ग्रॅमचं बाळ तीन-चार आठवडे राहतं. चौथ्या दिवसापासून आईने खायचं काय? उपाशी आईला दूध कमी येतं, ती घरी जाते, आणि आपण नोंद करतो 'आई सहकार्य करत नाही'. पलंगाइतकंच ताट महत्त्वाचं. आंघोळीला गरम पाणी, संडास त्याच मजल्यावर आणि साडी-ब्लाउजऐवजी पुढून उघडणारा गाऊन हेही त्याच यादीत.

पैसा मर्यादित असेल तर मी तो घरच्या कांगारूवर आधी लावेन. हरियाणात फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत १५०० ते २२५० ग्रॅमच्या ८४०२ बाळांवर चाचणी झाली, २०१९ ला निष्कर्ष आले. घरी जाऊन छातीशी धरायला शिकवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. पलंग नाही, वॉर्मर नाही. आशाताई बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातेच. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळवे चाचपून बघायचं: पोट कोमट आणि तळवे गार, तर ताबडतोब छातीशी. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच दवाखाना.

रानजाई

पायवाट, ती बाळं १५०० च्या वरची होती. १२०० ग्रॅमच्या, सी-पॅप लागणाऱ्या बाळाला घरचं कांगारू वाचवू शकत नाही. एकाच्या पैशातून दुसरं नको. ताटाचं आणि एकाच गाडीचं मात्र शंभर टक्के पटलं, ते माझ्या मांडणीत सुटलं होतं.

तळटीप

मी अजूनही म्हणतो, आधी थोड्या जिल्ह्यांत करा आणि तास मोजा. 'केएमसी दिलं: होय' अशी नोंद निरुपयोगी आहे. दीड तासालाही होय आणि १७ तासांनाही होय. सहा महिन्यांनी सरासरी ८ तासांच्या खाली असेल तर नवीन पलंग घेऊ नका, त्या पैशात सिस्टर घ्या.

रात्रपाळी

तास मोजायला वेगळं रजिस्टर दिलंत तर ते पाळी संपताना अंदाजाने भरलं जाईल. १५०० च्या आतल्या बाळांना दूध दर दोन तासांनी असतं, दिवसाला १२ वेळा. त्याच दुधाच्या तक्त्यात एक रकाना वाढवा. दूध देताना बाळ छातीशी होतं तर बरोबरची खूण, वॉर्मरवर होतं तर 'वॉ'. खुणा मोजून दोनाने गुणल्या की तास. आणि 'वॉ' लिहिलं तर पुढे कारण: आई झोपली, आई जेवायला गेली, आईला ताप, सिस्टर मोकळी नव्हती. महिनाभराने शेवटचं कारण किती वेळा आलं ते सिव्हिल सर्जनसमोर ठेवता येईल.